गाडी घरातली नव्हती, आत्याची होती

आमच्या घरात एक रीत होती. ती कुणी ठरवलेली नव्हती, म्हणूनच कुणाला मोडताही येत नव्हती. बाबांची वस्तू बाबांची असायची. आईची आईची, निदान तिच्या कपाटापुरती. माझी नि माझ्या भावाची आमची, आणि एकानं दुसऱ्याची घेतली की रणकंदन व्हायचं. आत्याची वस्तू मात्र घरातली असायची. तिचं शिलाई मशीन घरातलं, तिची इस्त्री घरातली, तिची छत्री घरातली. तिची सुट्टीसुद्धा घरातलीच. कुणाला दवाखान्यात न्यायचंय, गॅस घ्यायला कुणीतरी घरी थांबायला हवंय, की आई जिन्यातून हाक मारायची, "ताई, तुम्ही आहातच ना आज?"

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. खालच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटी राहायची, आम्ही वरच्या मजल्यावर. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारायची हिंमत मी एकदा केली होती. तेव्हा "वेळच आली नाही गं," एवढंच म्हणाली. ते खरं असावं. कारण आजोबांच्या आजारपणात तीच होती, आजीच्याही तीच, आणि मग आमच्या जन्मांच्या वेळीही तीच. बाबा तिला अजून 'छोटी' म्हणायचे. तिचे केस पांढरे झाले होते, चष्म्याचा नंबर वाढला होता, तरी छोटीच.

ती दातांच्या लॅबमध्ये कामाला होती. दवाखान्यातून जबड्यांचे साचे यायचे आणि त्यांवरून ती कवळ्या घडवायची. शेवटचं काम पॉलिशचं. फिरत्या चाकावर कवळी धरायची, आधी जाड पूड, मग बारीक, मग नुसत्या मऊ कापडाचं चाक. जिभेला कुठेही काही टोचता कामा नये. "खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे म्हणतात लोक," ती म्हणायची, "आमच्याकडे दोन्ही एकच. सांभाळून ठेवा म्हणावं." जन्मभर तिनं दुसऱ्यांचे दात घडवले, पण स्वतः कधी कुणावर दातओठ खाल्ले नाहीत. आम्ही ते गृहीतच धरलं होतं.

मग एके दिवशी तिनं गाडी घेतली. कुणाला विचारलं नाही. लॅबच्या डॉक्टरांच्या ओळखीतल्या एका म्हाताऱ्या बाईंची जुनी गाडी होती. गडद निळी, बेताची, चार दारांची. रंग मूळचाच होता, पण वर्षानुवर्षं उन्हात उभी राहून पार मलूल झाला होता. हात फिरवला तर काचपेपरवर फिरवल्यासारखा वाटायचा. बाबा जिन्यावरूनच म्हणाले, "छोटी, हे काय भंगार आणलंस?" ती हसली आणि बादली आणायला गेली.

ती गाडी तिनं कशी उजळवली ते मी पाहिलंय, म्हणून सांगते. घराच्या बाजूला पत्र्याच्या छपराखाली गाडी उभी असायची. एका बादलीत साबणाचं पाणी, दुसरीत साधं. फडकं दरवेळी साध्या पाण्यात पिळूनच पुन्हा साबणात जायचं, म्हणजे आधीची माती परत रंगावर घासली जात नाही. हातातली बांगडी, बोटातली अंगठी काढून खिडकीत ठेवायची. धुऊन, पुसून झाल्यावर हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून पत्र्यावरून तळवा फिरवायचा. नुसत्या हाताला न लागणारे कण पिशवीतून लागतात. मला करून बघायला लावलं, तेव्हा खरंच बोटांखाली बारीक खरखर लागली. ते कण एका चिकणमातीसारख्या गोळ्यानं अलगद ओढून काढायचे. मग पॉलिश, हातभर जागेत, हातानं, न दाबता. आणि सगळ्यांत शेवटी वॅक्स, नखभर. ते धुरकट होईपर्यंत थांबायचं आणि दुसऱ्या फडक्यानं पुसून काढायचं.

"जोर का नाही लावत?" मी विचारलं.

"रंगावर काचेसारखा एक थर असतो. पॉलिश म्हणजे तो थर थोडा थोडा खरवडणंच असतं. जेवढं काढशील तेवढं गेलं, परत येत नाही. म्हणून कमी काढायचं."

कित्येक रविवार हे चाललं. एक रविवार टप, एक रविवार बॉनेट, एकेक दार. आणि खरंच, त्या मलूल पत्र्यातून असा निळा रंग वर आला की येणारेजाणारे थांबून बघायला लागले. बाबाही बघायला लागले. भंगार म्हणायचं त्यांनी बंद केलं. आधी 'छोटीची गाडी' म्हणायला लागले, आणि मग महिनाभरात, कुणाच्या लक्षातही न येता, 'आमची गाडी'.

त्याच सुमाराला आत्याच्या लॅबमधल्या मैत्रिणीचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या गावी, तिच्याजवळ कुणी नाही, म्हणून आत्या रजा टाकून गेली. शेजारी बांधकाम चालू होतं, गाडी पुढेमागे करावी लागेल म्हणून किल्ली बाबांकडे देऊन गेली. मीही तेव्हा कामानिमित्त बाहेरगावी होते. पुढे काय झालं ते मला नंतर, तुकड्यातुकड्यांनी कळलं. तेही ज्यांनी सांगायला हवं होतं त्यांच्याकडून नाही.

बाबांच्या जुन्या ऑफिसातल्या लोकांचं स्नेहसंमेलन होतं. बाबा हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते, आणि साहेबाच्या गाडीशेजारी स्कूटर लावायची त्यांना लाज वाटली. गाडी नेली. विचारलं नाही, फोनही केला नाही. हॉलच्या आवारात वळताना लोखंडी फाटकाची कडी ड्रायव्हरच्या शेजारच्या पुढच्या दाराला, म्हणजे घरी छपराखाली भिंतीकडे येणाऱ्या दाराला लागली आणि दाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरखडा गेला.

माणसाच्या हातून चूक होते. आत्याला फोन केला असता तर ती काय म्हणाली असती, तेही मला ठाऊक आहे. "तुला लागलं नाही ना?" म्हणाली असती, आणि गाडी घेऊन रंगाऱ्याकडे गेली असती. पण बाबांनी फोन केला नाही. त्यांनी एका इलेक्ट्रिशियनकडून ड्रिल मशीन आणलं, त्याला लोकरीची चकती लावली, दुकानातून खरखरीत कंपाउंड आणलं, आणि भर दुपारी तापलेल्या पत्र्यावर त्या दारावर चढाई केली. ओरखडा गेला. त्याबरोबर दाराच्या मधली उभार रेघ जिथे आहे तिथला वरचा थर गेला, खालचा निळा गेला, आणि राखाडी अस्तर उघडं पडलं. मग त्यांनी काय केलं असेल? बुटाचं निळं पॉलिश आणलं. हो, बुटाचं. ते त्या पट्ट्यावर चोळलं, वर आत्याच्या डबीतलं वॅक्स लावलं, आणि ते एकच दार वेगळं दिसू नये म्हणून सगळ्या गाडीवर वॅक्स फासलं.

आईला हे सगळं माहीत होतं. आई म्हणाली, "घरात उगाच तणातणी नको," आणि गप्प बसली.

आत्या परतली तेव्हा मीही आले होते. तिनं पिशव्या खाली ठेवल्या आणि छपराखाली पाहिलं. गाडी आरशासारखी चमकत होती. भिंतीकडचं दार सावलीत होतं, आणि त्या बाजूला कुणी जायचंही नाही, जागाच नव्हती.

"दादा, हे कुणी केलं?"

"कोण करणार? तू दमून येशील म्हटलं. सगळी पॉलिश करून ठेवली," बाबा म्हणाले. इतक्या सहज म्हणाले, की मलाही अभिमान वाटला त्यांचा.

आत्याला रडू आलं. चष्मा काढून पदरानं पुसायला लागली. मग म्हणाली, "मला ना, असं कुणी कधी काही करून ठेवलं नव्हतं." आणि दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन बाबांसाठी लोकरीचा स्वेटर घेऊन आली. बाबांनी तो घातला. आरशात बघून "बाह्या जरा लांब आहेत," असंही म्हणाले. आत्यानं त्या बाह्या आखूड करून दिल्या. लॅबमध्ये तिनं सगळ्यांना सांगितलं, माझ्या दादानं माझी गाडी पॉलिश केली. दुधवाल्याला सांगितलं. शेजारच्या औषधवाल्यांना सांगितलं. बाबाही नाही म्हणाले नाहीत. उलट औषधवाल्यांनी कौतुक केलं तेव्हा "हात स्थिर लागतो हो या कामाला," असं म्हणताना मी माझ्या कानांनी ऐकलं.

वॅक्स ताजं आहे म्हणून आत्या काही दिवस नुसती धूळ झटकत होती. मग एका रविवारी तिनं नेहमीसारख्या बादल्या भरल्या आणि गाडी धुवायला काढली, छपराखालून बाहेर, उजेडात. मी जिन्यावर चहा पीत बसले होते. तिनं टप धुतला, बॉनेट धुतलं, आणि पलीकडच्या बाजूला गेली. बराच वेळ नुसता पाण्याचा आवाज येत होता, मग तोही थांबला.

मी उठून बघायला गेले. ती उकिडवी बसली होती. हातातलं फडकं निळं झालं होतं. दारावर तळव्याएवढा रुंद राखाडी पट्टा उमटला होता, आणि त्याच्याभोवती चकतीचे गोल गोल चरे, ताटलीला काथ्या घासल्यासारखे. तिनं फडकं नाकाशी नेलं.

"बुटाचा वास येतोय," ती म्हणाली. "तुला येतोय का बघ."

मला येत होता.

ती उठली. हात धुतले नाहीत, चपला घातल्या नाहीत. ते फडकं घेऊन तशीच जिना चढली. बाबा पेपर वाचत होते. तिनं फडकं त्यांच्यासमोर टेबलावर ठेवलं.

"दादा, हे काय आहे?"

बाबांनी आधी फडक्याकडे, मग आईकडे पाहिलं. "उन्हानं झालं असेल. जुना रंग, कधी ना कधी जायचाच."

"ऊन बुटाचं पॉलिश लावत नाही."

"अगं, जरासा ओरखडा होता. मी काढायला गेलो."

"ओरखडा कुठून आला?"

मग ते सगळं बाहेर आलं, म्हणजे आईनं काढलं. बाबा मध्येमध्ये 'तसं नाही' म्हणत होते, पण तसंच होतं. शेवटी बाबांनी पेपर आपटला आणि तेच म्हणाले जे या घरात नेहमी म्हटलं जातं.

"एवढा काय कांगावा करतेस छोटी? घरातली गाडी आहे. लागलं थोडं. रंग मारून देतो उद्या, झालं?"

आत्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं, आम्हाला 'ओरडू नकोस' तरी म्हणता आलं असतं.

"घरातली कशी? तुझी स्कूटर घरातली आहे? तुझं घड्याळ घरातलं आहे? माझं ते घरातलं आणि तुझं ते तुझं, हे कुणी ठरवलं? आणि रंगाचं मी बोलतच नाहीये. तू मला आभार मानू दिलेस, दादा. मी तुझ्यासमोर रडले. तू स्वेटर घातलास. बाह्या लांब आहेत म्हणालास. त्या मी आखूड केल्या. तेव्हा तुला एकदाही वाटलं नाही, की हिला सांगावं?"

आई म्हणाली, "ताई, जाऊ द्या ना, एवढ्यातेवढ्यावरून..."

"वहिनी, तुम्हीही मला चहा देताना रोज ते दार आठवत होतात ना?" आत्या म्हणाली आणि खाली गेली.

मला वाटलं, यापुढे अबोला होईल आणि मग आमच्याकडे होतं तसं हळूहळू विरघळून जाईल. आई तर त्याच दिवशी संध्याकाळी म्हणाली, "ताईंचा राग काय, पाण्यावरची रेघ." मला त्या वाक्याचाच संताप आला. ज्याच्या रागाची कुणाला किंमत द्यावी लागत नाही, त्याचा राग पाण्यावरचीच रेघ असणार. मी आईला तसं म्हणाले. तिला लागलं ते, पण मी शब्द मागे घेतले नाहीत.

राग विरघळला नाही, कारण मध्येच औषधवाले आले. त्यांनी नवी कोरी काळी गाडी घेतली होती, आणि बाबांच्या स्थिर हाताची कीर्ती त्यांच्या कानावर होतीच. फाटकाशी उभं राहून बाबांना म्हणाले, "काका, सवड असेल तेव्हा आमच्या गाडीलाही एकदा तुमचा हात लागू द्या. तुमच्या बहिणीची गाडी काय दिसते हो." आणि बाबा, मी शपथेवर सांगते, बाबा म्हणाले, "बघू, बघू." नाही म्हणाले नाहीत.

आत्या खिडकीत होती. ती बाहेर आली.

"अवश्य करून घ्या. पण त्याआधी माझं दार बघून जा," ती म्हणाली, आणि औषधवाल्यांना छपराखाली, भिंत आणि गाडी यांच्यामधल्या फटीतून आडवं करून नेलं. बाबा फाटकाशीच उभे. औषधवाले परत आले तेव्हा त्यांच्या शर्टाला भिंतीचा चुना लागला होता. त्यांनी बाबांकडे पाहिलं नाही. "मी गॅरेजमध्येच देतो मग," एवढं पुटपुटून गेले.

"चारचौघांत माझी अब्रू काढलीस," बाबा म्हणाले.

"मी काहीच काढलं नाही. जे होतं ते उजेडात दाखवलं. काढायचं काम तू केलंस."

मग मात्र खरोखर बोलणं थांबलं. आत्यानं किल्ली स्वतःच्या पर्समध्ये ठेवायला सुरुवात केली. आईनं जिन्यातून हाक मारली, "ताई, आहात ना आज?" तर खालून उत्तर यायचं, "आहे, पण मला काम आहे." आईला ते उत्तर कळायला वेळ लागला. कारण आत्याला काम असू शकतं, हे आमच्या डोक्यात कधी बसलंच नव्हतं.

दार ती एका रंगाऱ्याकडे घेऊन गेली. तो म्हणाला, पूर्ण दार नव्यानं रंगवतो, पण जुन्या निळ्याशी तंतोतंत जुळेल असं सांगत नाही. ती म्हणाली, नाही जुळलं तर नाही, फसवू नका म्हणजे झालं. दार नवं होऊन आलं. उन्हात बघितलं तर थोडं जास्त निळं दिसतं, सावलीत कळत नाही. बाबांनी आईकरवी बिल मागितलं. आत्यानं ते दिलं नाही. "पैसे घेतले की तो म्हणेल, मिटलं," मला म्हणाली.

पुढे पावसाळा संपता संपता बाबांच्या गुडघ्यानं दगा दिला. स्कूटरला किक मारवेना. डॉक्टरांकडे जायचं होतं, भाऊ परगावी, मला गाडी चालवता येत नाही. बाबा जिना उतरून खाली गेले. मी वरून ऐकत होते. दारावर टकटक केली त्यांनी. जन्मात पहिल्यांदा. एरवी ते सरळ आत जायचे.

"गाडी मिळेल का?" बाबांनी विचारलं.

"गाडी मिळणार नाही. मी येते," आत्या म्हणाली.

तिनं गाडी बाहेर काढली. बाबा लंगडत मागच्या दाराकडे गेले. ती काच खाली करून म्हणाली, "मी तुझी ड्रायव्हर नाही. पुढे बस." मग बाबांना वळसा घालून नव्या रंगाच्या त्या दाराकडे यावं लागलं. हँडलला हात लावून ते क्षणभर तसेच उभे राहिले. मी सोबत म्हणून आधीच मागे बसले होते, मला त्यांचा चेहरा काचेतून दिसत होता. मग त्यांनी दार उघडलं, बसले, आणि इतक्या हलक्या हातानं ओढलं की ते लागलंच नाही.

"नीट लाव," आत्या म्हणाली.

त्यांनी पुन्हा लावलं. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा बाबा समोर बघतच म्हणाले, "मी घाबरलो होतो गं. तू ओरडशील म्हणून."

"मी कधी ओरडलेय तुझ्यावर?"

बाबांनी खरोखर आठवून बघितलं. मला दिसत होतं, ते आठवत होते. "नाही," ते म्हणाले. मग, सिग्नल सुटल्यावर, "चुकलं माझं."

आत्यानं मान हलवली. ठीक आहे म्हणाली नाही, असू दे म्हणाली नाही. दवाखान्यात तिनं त्यांना हात धरून उतरवलं, डॉक्टरांशी बोलली, औषधं घेतली, सगळं केलं. परत आल्यावर आई म्हणाली, "चला, मिटलं एकदाचं." मी खाली गेले तेव्हा आत्या पर्समधली औषधाची पावती काढत होती.

"गेला का राग?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "का जायला पाहिजे? दादाशी मी बोलेन, त्याला दवाखान्यात नेईन. पण ते जे झालं त्याचा राग आहे तो आहे. तो काढून टाकायची घाई तुम्हा सगळ्यांनाच आहे. मला नाही."

मग तिनं पावती माझ्या हातात दिली. "ही वर देऊन ये. आणि वहिनींना सांग, उद्या मी दिवसभर घरी नाही. मैत्रिणीला घेऊन फिरायला चाललेय."

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती गेली. कुठे, ते तिनं सांगितलं नाही, आणि या वेळी कुणी विचारलंही नाही.